पिवळा फॉर्म, पांढरा फॉर्म

घेवरचंद शेठजींच्या गच्चीवर त्या वर्षी एकाही पापडाला कावळ्याची चोच लागली नाही. सुगनबाई आल्यागेल्या बाईला हे कौतुकानं सांगायच्या. सून एकदा राखायला बसली की उन्हं उतरेपर्यंत जागची हलत नाही, म्हणायच्या. ते खरंच होतं. पापड घातलेल्या जुन्या धोतराच्या कोपऱ्याखाली बीजगणिताचं पुस्तक असायचं, आणि हातातलं गणित सुटल्याखेरीज लाडकुंवरला उठवत नसे.

ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. एक लाडकुंवर स्वतः. दुसरा तिचा नवरा पुखराज. त्यानं धुळ्याहून कापडाच्या गठ्ठ्यांतून पुस्तकं आणली, मॅट्रिकला बाहेरून बसायचा अर्ज भरला, आणि मग त्याबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. तिसरी कुंदा. शेठजींच्या त्याच घरात वरच्या दोन खोल्यांत ती भाड्यानं राहायची, आणि गच्चीचं दार तिच्या स्वयंपाकघराला लागून होतं.

कुंदा यावलकडच्या लेवा घरातली. माहेरी केळीचे मळे, सासरी कपाशी. इंटर झाली आणि लग्न झालं. नवरा लीलाधर जळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. कुंदा पुढं शिकेल, बी. ए. होईल, असं त्यानं लग्नाच्या बैठकीत स्वतः होऊन सांगितलं होतं आणि कुंदाच्या वडिलांना ते फार आवडलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. पुस्तकं पेटीत होती. पेटीवर अंथरुणं होती. अंथरुणांवर आता अकरा महिन्यांची लेक चढायला बघायची.

पण गणित कुंदाच्या बोटांत होतं. दुपारी लेक निजली की ती गच्चीच्या उंबऱ्यात बसायची, निवडायला तांदूळ घेऊन, आणि लाडकुंवरची अडलेली पायरी सोडवून द्यायची. लाडकुंवर पाचोऱ्याच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. मराठी तिचं कुंदापेक्षा शुद्ध. खाली शेठजींसमोर हनुवटीपर्यंत घुंघट आणि तोंडातून अक्षर नाही. वर आली की पदर खांद्यावर टाकून अशी हसायची की कुंदाला आधी लेक जागी होईल याचीच धास्ती.

एकदा असंच बोलता बोलता कोण कुठलं यावर गाडी आली. कुंदा म्हणाली, तुमचे लोक मारवाडातून आले, एवढं गावाला माहीत असतं. आमचे गुजरातेतून आले हे आम्हीच विसरलो.

"मग आपण दोघी पाहुण्याच," लाडकुंवर म्हणाली. "तुमचे काय घेऊन आले?"

"बैल. आमचा भाट अजून येतो तिकडून, दर काही वर्षांनी. वही उलगडून बसतो आणि बापजाद्यांची नावं वाचतो."

"आमचाही येतो." लाडकुंवरनं एक पापड उलटला. "तुमचं नाव आहे त्याच्या वहीत?"

"पोरींची नावं नसतात."

"आमच्यातही नसतात," लाडकुंवर म्हणाली, आणि दोघी उगाचच खूप हसल्या.

लीलाधर तेव्हा त्याच विषयावर एक अभ्यास करत होता. बाहेरून येऊन खानदेशात रुजलेले दोन समाज. एकानं दुकान मांडलं, एकानं मळा केला. इतक्या पिढ्यांत कोण कुठवर पोचलं, कुणाकडं काय आलं, कुणाच्या मुलीबाळी शिकल्या, हे त्याला मोजून दाखवायचं होतं. त्यानं छापील फॉर्म करून घेतले होते. मारवाडी घरांसाठी पिवळे, लेवा घरांसाठी पांढरे, दोन्ही शंभर-शंभर. पुरुषांकडून तो माहिती आणायचा. पण मुलींचं लग्नाचं वय, घरातल्या बायकांचं शिक्षण, असले रकाने पुरुष भलतेच भरून द्यायचे. मारवाड्यांच्या माजघरात तर त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. ते काम कुंदाकडं आलं.

कुंदाला ते काम मनापासून आवडलं. लेकीला कडेवर घेऊन ती घरोघर जायची. यावलकडं गेली तेव्हा शेवंताबाई नावाच्या एका म्हातारीनं, शाळा किती झाली असं विचारल्यावर, कापूस वेचता वेचता सांगितलं, "शायेच्या भिती सारवल्या मी. आत नाही गेली." कुंदानं निरक्षर असं लिहिलं आणि तिला वाटलं, म्हातारीचं वाक्य लिहायला या फॉर्मात जागा हवी होती. मारवाडी घरांत लाडकुंवर तिच्यासाठी पुढं व्हायची. ही आपलीच आहे, सांगायची, आणि मग घुंघट वर जायचे, चहा यायचा, आणि बायका रकान्यात न मावणारं बोलायच्या.

लेक मांडीवर, त्यामुळं दौत-टाकाची सोय नाही. कुंदा सगळं शिसपेन्सिलीनं लिहायची. घरी आल्यावर द्यायचं ते शाईनं गिरवायची. जे एखादीनं विश्वासानं सांगितलं, देऊ नका म्हणाली, ते शाई न लावता खोडरबरनं पुसून टाकायची. लाडकुंवरला ही पद्धत तिनं समजावून सांगितली होती. शाईचं ते साहेबांचं, पेन्सिलीचं आपलं.

शेठजींच्या घराचा पिवळा फॉर्म सदतिसावा. शिक्षणाच्या रकान्यात कुंदानं सुनेपुढं सातवी लिहिलं. चौदावा रकाना होता लग्नानंतर शिकणाऱ्या बायकांचा. तोवर तिनं भरलेल्या सगळ्या फॉर्मांत, पिवळ्या आणि पांढऱ्या, तिथं एक आडवी रेघ होती. लाडकुंवर तिच्या खांद्यावरून बघत होती.

"इथं माझ्यापुढंही रेघच ना?" तिनं विचारलं.

कुंदानं रेघ ओढली नाही. तिथं बारीक अक्षरात तिनं पेन्सिलीनं लिहिलं: सून, वय चोवीस, दोन मुली, पापड राखताना गच्चीवर मॅट्रिकचा अभ्यास, घरात ठाऊक नाही, मार्चमध्ये परीक्षा. लाडकुंवरनं वाचलं. लेकीच्या गालाला बोट लावून खाली गेली, आणि जिन्यावरून जाताना तिनं एक पायरी गाळून पुढची घेतली हे कुंदानं पाहिलं.

जानेवारीत धुळ्याला अभ्यासकांची परिषद होती. तिथं निबंध वाचायचा म्हणून लीलाधर रोज आकडे जुळवत बसायचा. त्याच आठवड्यात लेकीला गोवर उठला. कुंदाचे दिवस कडुनिंबाचा पाला आणि ओल्या फडक्यांत गेले. तीसेक फॉर्म गिरवायचे आणि पुसायचे राहून गेले होते. निघायच्या सकाळी लीलाधर ते पिशवीत भरू लागला तेव्हा लेक तिच्या खांद्यावर तापानं तापलेली होती. तिनं त्याला थांबवलं. शाईचं तेवढं घ्या म्हणाली. पेन्सिलीचं बायकांनी माझ्याजवळ ठेवायला दिलंय.

"बरं," तो म्हणाला.

"नुसतं बरं नको. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

त्यानं हसत लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. किती ताप आहे गं, म्हणाला, आणि धुळ्याच्या एस. टी.ला गेला.

परिषदेत निबंध गाजला. तो परत आला तो खूश होऊन. लेकीला खुळखुळा आणला, कुंदाला साडी आणली, आणि एक थोर गृहस्थ आपल्याला काय काय म्हणाले ते दोनदा सांगितलं. लेकीचा ताप उतरला होता. कुंदाला वाटलं, सगळं बरं चाललंय. तिनं तिळाच्या वड्या केल्या आणि ताटली भरून खाली पाठवल्या.

आठ दिवसांनी, एका दुपारी, सुगनबाई स्वतः जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळं त्या कधी वर येत नसत. शेठजींनी दोघांना खाली बोलावलंय, एवढंच म्हणाल्या. लीलाधरनं झब्बा बदलला. शेठजींपर्यंत बातमी गेली वाटतं, तो म्हणाला, सत्कारबित्कार करतील.

शेठजी बैठकीत गादीवर बसले होते. एरवी दुकानात शेतकरी आला की हा माणूस अहिराणी अशी बोलायचा की समोरच्यानं विचारावं, आबा, तुमचं शेत कुठल्या शिवारात? "ये भाऊ, आठे बठ्ठं शे," इथं सगळं आहे, अशी त्याची हाक चौकापर्यंत ऐकू यायची. आज गप्प होते. पुखराज भिंतीशी उभा होता. माजघराच्या उंबऱ्यात, अर्धी आत अर्धी बाहेर, लाडकुंवर बसली होती. घुंघट ओढलेला.

धुळ्याचं एक साप्ताहिक गादीवर पडलं होतं. शेठजींची थोरली लेक धुळ्याला दिलेली. तिच्या सासऱ्यांनी ते पुखराजच्या हातात ठेवलं होतं आणि विचारलं होतं, हे तुमच्याकडचंच ना? शेठजी कुंदाला म्हणाले, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि याला वाचवत नाही. तुम्ही वाचा, बाई."

कुंदानं अंक उचलला. लीलाधरच्या निबंधाचा सारांश होता, अर्ध्या पानाचा, वर त्याचं नाव. तिनं वाचायला सुरुवात केली. दुकानं, जिनिंगचे कारखाने, केळीचे बाग. आवाज ठीक होता. मग दुसऱ्या स्तंभात तिचीच वाक्यं तिला भेटली. जळगावातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरची सून, वय चोवीस, दोन मुलींची आई, सासऱ्यांपासून लपून, पापड राखण्याच्या मिषाने गच्चीवर शालान्त परीक्षेचा अभ्यास करते. लक्ष्मी पुढच्या दाराने आली. सरस्वतीला मात्र या समाजात गच्चीवर लपावे लागते.

ती थांबली.

"वाचा," शेठजी म्हणाले. "खाली अजून आहे."

खाली होतं: याउलट लेवा समाजात विवाहानंतरही स्त्रीचे शिक्षण उजळ माथ्याने चालू राहते. प्रस्तुत अभ्यासकाच्या परिचयातील एका घरात एक तरुण माता पतीच्या प्रोत्साहनाने बी. ए.चा अभ्यास करीत आहे.

तिला आधी कळलं नाही ही बाई कोण. पांढऱ्या फॉर्मांतले बायकांचे रकाने, स्वतःच्या घरचा एक फॉर्म सोडून, तिनंच भरले होते. चौदाव्या रकान्यात नव्व्याण्णव रेघा होत्या. मग कळलं. अंक तिच्या हातात तसाच राहिला, आणि वर लेक जागी होऊन रडतेय असं तिला वाटलं. कुणी रडत नव्हतं.

शेठजी सुनेशी बोलत नसत, सून त्यांच्याशी बोलत नसे. त्या घरात काही विचारायचं झालं तर भिंतीकडं बघून विचारायचं, आणि उत्तर तिसऱ्या कुणाच्या तोंडून यायचं. शेठजी भिंतीकडं बघून म्हणाले, "बहूला विचारा कोणी. हे आपल्या घराबद्दल आहे का? खरं आहे का?"

सुगनबाईंनी कुंदाकडं बघितलं. कुंदा उंबऱ्याशी जाऊन वाकली. घुंघटाच्या कडेआडून लाडकुंवरचे ओठ तिच्या कानाशी आले. श्वास गरम होता.

"पेन्सिलीनं तरी का लिहिलं, ताई?"

एवढंच. आणखी काही नाही. कुंदा वाट बघत राहिली, पण ओठ मिटले होते. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. ती सरळ उभी राहिली.

"त्या म्हणतात, हे खोटं आहे."

पुखराजनं मान वर केली. शेठजींचा चेहरा थोडा सैल पडला, आणि ते तेवढ्यावर थांबलेही असते. कुंदाला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं, ते तेवढ्यावर थांबले असते. पण लीलाधर पुढं सरकला. खोटं कसं, म्हणाला. मी ऐकीव लिहीत नाही. माझ्याकडं लेखी आहे.

"अहो," कुंदा म्हणाली.

"परिषदेपुढं वाचलाय मी निबंध. उद्या कुणीही उठून खोटं म्हणेल." तो वर गेला. त्याच्या पायांचा आवाज जिन्यावर, डोक्यावर, मग पुन्हा जिन्यावर. सदतिसावा पिवळा फॉर्म त्यानं शेठजींपुढं ठेवला. चौदाव्या रकान्यात बारीक पेन्सिलीचं अक्षर होतं, आणि त्याच्याखाली लीलाधरनं निबंधासाठी लाल शाईची रेघ मारून ठेवली होती.

शेठजींनी आता चष्मा मागितला. सावकाश वाचलं. मग कुंदाकडं बघितलं. "अक्षर तुमचं?"

"माझं," कुंदा म्हणाली. "आणि ते माझ्याबद्दल आहे. गच्चीवर बसून चोरून अभ्यास मी करते. लेक मांडीवर होती, हाताशी जो फॉर्म होता त्यावर लिहिलं गेलं."

"दोन मुली लिहिल्यात."

"चुकून लिहिलं."

शेठजींनी कापड ओळखण्यात जन्म काढला होता. कुठला धागा कुठं तुटलाय हे त्यांना बोटानं कळायचं. त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं आणि ते लीलाधरकडं वळले. शांतपणे म्हणाले, "म्हणजे प्रोफेसरसाहेब, लपून शिकणं चालतं ते वरच्या मजल्यावर. खालच्या नाही. मग हे छापलंय ते उलटं झालं की."

लीलाधरला हो म्हणता आलं असतं. एक शब्द होता. त्याच्या बायकोनं तो त्याच्या हातात आणून दिला होता. त्यानं झब्ब्याची बाही सारखी केली आणि बायकोकडं न बघता म्हणाला, "लेकीच्या दुखण्यात हिची झोप झाली नाही. आठ-पंधरा दिवस हिचं डोकं ठिकाणावर नाही. हिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका."

उंबऱ्यातलं लुगडं हललं. लाडकुंवर उठून आत गेली होती.

शेठजींनी फॉर्मची घडी केली, साप्ताहिकाची घडी केली, आणि दोन्ही उशीखाली ठेवलं. होळीपर्यंत दुसरं घर बघा, एवढं म्हणाले. आवाज चढवला नाही. गच्चीच्या दाराला संध्याकाळी कुलूप लागलं.

वर आल्यावर लीलाधर बराच वेळ बोलत होता. नाव कुठं दिलंय, म्हणाला. जळगावात काय एकच कापडवाला आहे? आणि बघ, चौदाव्या रकान्यात मारवाड्यांची एक बाई आणि आपल्यांची एकही नाही, असा आकडा छापून आला असता तर लोक काय म्हणाले असते? आमच्या बायका उघड्या तोंडानं शेतात जातात, त्या कुणाच्या मागं आहेत का? त्या आकड्यानं भलताच अर्थ निघाला असता. समजावून सांगणं माझं काम आहे.

कुंदानं कपाटातून पांढऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. पहिला फॉर्म त्यांच्याच घराचा. तो तिनं भरलेला नव्हता. आपल्याच घराचं काय विचारायचं, म्हणून लीलाधरनं भरला होता. पत्नीच्या नावापुढं त्याच्या ऐटदार अक्षरात होतं: बी. ए., शिक्षण चालू. शाईनं.

"हे काय?"

"पुढंमागं करणारच आहेस ना?" तो म्हणाला. "मग चालूच झालं ते."

त्याला खरोखरच त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कुंदाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ती खोडरबर शोधत राहिली, जे शाईला चालत नाही हे माहीत असताना. मग दाढीच्या जुन्या पात्यानं तिनं ती ओळ खरवडली. कागद विरला, मधोमध भोक पडलं. तिनं गठ्ठा परत जागेवर ठेवला आणि लेकीला भात भरवायला घेतलं. लेकीनं पहिला घास थुंकला, दुसरा गिळला.

त्यांनी जळगावलगत मेहरूणला घर घेतलं, तळ्याच्या बाजूला. नवं, हवेशीर, गच्ची नसलेलं. सामान हलवायच्या दिवशी कुंदा निरोप घ्यायला खाली गेली तेव्हा सुगनबाईंनी लेकीच्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवली. लाडकुंवर बाहेर आली नाही. आतून लाटण्याचा आवाज येत होता. पापड आता अंगणात वाळत होते, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि धोतराचे चारही कोपरे सपाट होते.

त्या एका प्रश्नाचं उत्तर कुंदा महिनाभर मनात तयार करत राहिली. धुणं धुताना, लेकीला अंगाई म्हणताना. तुमच्या भाटाच्या वहीत तुमचं नाव नाही, भाभी, माझ्या भाटाच्या वहीत माझं नाही. कुठंतरी एका कागदावर ते असावं असं वाटलं, निदान पुसायच्या आधी थोडे दिवस. एवढं पाठ केलं. पण कुणापाशी म्हणायचं? आणि म्हणताना त्याच्यामागं दुसरं एक वाक्य उभं राहायचं, की पुसायचं राहिलं ते माझ्याकडून. ज्याच्या हातात दिलं तो माझा होता, म्हणून दिलं.

मार्चात परीक्षा सुरू व्हायच्या दिवशी ती लेकीला कडेवर घेऊन मुलींच्या शाळेपाशी गेली. लाडकुंवर येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी गेली. फाटकासमोरच्या निंबाखाली उभी राहिली. परकऱ्या पोरी, दोन वेण्यांच्या पोरी, कुणाचे वडील, कुणाचे भाऊ. पहिली घंटा झाली.

तेव्हा टांगा आला. आधी सुगनबाई उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून, मग घुंघटातली बाई. हातात शाईची दौत आणि दोन टाक, जरीच्या फडक्यात गुंडाळलेले. पुखराज टांग्यात बसून राहिला.

सुगनबाईंना कुंदा दिसली. सुनेला पुढं व्हायला सांगून त्या निंबाखाली आल्या. लेकीची हनुवटी धरली. मग म्हणाल्या, "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शेठजींपुढं जाऊन उभी राहिली. घुंघट होता, पण तोंडानं बोलली. स्वतःच्या. म्हणाली, मी परीक्षेला बसणार आहे. मी म्हटलं, अगं माझ्या कानात सांग, मी सांगते. तर नको म्हणाली. माझं कुणाच्या तोंडून नको आता."

"शेठजी?"

"तीन दिवस जेवले नाहीत नीट. चौथ्या दिवशी भिंतीकडं बघून म्हणाले, टांगा सांगून ठेवा." सुगनबाईंनी पदर सारखा केला. "मला सगळं माहीत होतं, बाई. कावळ्यांपासून इतकं कोण राखतं?"

लाडकुंवर फाटकाच्या आत, शाळेच्या दारापाशी थांबली होती. पोरींचे वडील-भाऊ फाटकाबाहेरच राहिले होते, आवारात पुरुषमाणूस कुणी नव्हतं, म्हणून तिनं घुंघट मागं सारला होता, आणि ती दारावर लावलेल्या कागदात आपला नंबर शोधत होती. ओठ हलत होते. गणिताची पायरी म्हणताना हलायचे तसेच. कुंदा दोन पावलं पुढं गेली. लेकीनं तिला ओळखलं. ओल्या मुठी हलवून काहीतरी ओरडली, गच्चीवर ओरडायची तसं.

लाडकुंवरनं वळून बघितलं. लेकीकडं क्षणभर, मग कुंदाकडं. कुंदाच्या तोंडाशी पाठ केलेलं सगळं आलं.

लाडकुंवरनं दौत डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं पदर धरला आणि सावकाश हनुवटीपर्यंत ओढला, शेठजींसमोर ओढायची तसा. मग दुसरी घंटा झाली आणि ती आत गेली.